हर्पिसचा मेंदूज्वर: दुसऱ्या एमआरआयमधला ‘डाग’ आणि माणसाचं सावरणं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ५४ वर्षांचे, वजन साधारण ६० किलो, किराणा दुकान चालवतात. चार दिवस ताप, मग असंबद्ध बोलणं आणि एक फिट. त्या रात्रीचा सीटी स्कॅन नॉर्मल. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबला, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाला सूज, आणि पाठीतून काढलेल्या पाण्याच्या पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीत, हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून २१ दिवस. आता अडीच महिने झाले. चालतात, जेवतात, लहानपणीच्या गोष्टी सांगतात. पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. गेल्या आठवडाभरात चिडचिड आणि रात्रीचं जागणं वाढलंय. नव्या एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एन्सेफलोमलेशिया, ग्लायोसिस, डिफ्युजन रिस्ट्रिक्शन नाही’ असं लिहिलंय. डाग गेला नाही म्हणजे आजार शिल्लक आहे का? पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागतील का? आणि ते कितपत सुधारतील?

आधी सरळ उत्तर. तो डाग जाणार नाही, आणि त्याच्या जाण्याची वाट बघू नका. भाजलेली जखम भरल्यावर कातडीवर व्रण राहतो, तसा तो आहे. रिपोर्टमधले शब्द आजार विझल्यानंतर जे दिसायला हवं तेच सांगतायत. मला काळजी वाटते ती तुमच्या एका वाक्याची: चिडचिड आणि जागणं गेल्या आठवडाभरात *वाढलंय*. या आजारातून सावरणं फार हळू असतं, मध्येच महिना महिना अडकून बसतं. पण सावरत असलेला माणूस आपोआप मागे जात नाही. जात असेल तर त्याला कारण असतं, आणि ते याच आठवड्यात शोधायला हवं. म्हणून तेच आधी लिहितो.

हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर काही रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूच्याच प्रथिनांवर उलटते. पेशी फुटल्यामुळे एरवी लपलेली प्रथिनं उघडी पडतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. सगळ्यात जास्त वेळा एनएमडीए रिसेप्टर या मेंदूपेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाविरुद्ध. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हर्पिसचा मेंदूज्वर झालेल्या ५१ रुग्णांवर सलग लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या १४ जणांना, म्हणजे २७ टक्क्यांना, हा दुसरा आजार झाला. तो साधारण पहिल्या तीन महिन्यांत येतो. तुम्ही नेमके त्याच खिडकीत आहात. लहान मुलांत तो हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचालींनी सुरू होतो. मोठ्यांत तो मानसिक आजारासारखा दिसतो: झोप उडणं, संशय, आरडाओरडा, मध्येच गप्प होऊन बसणं, पुन्हा फिट. घरचे म्हणतात, ‘आजारपणाने स्वभाव बिघडला’, आणि तीन आठवडे वाया जातात.

तपासण्या अशा लागतात: पाठीतलं पाणी पुन्हा, त्यात पेशी, प्रथिनं, हर्पिसचा पीसीआर आणि ऑटोइम्यून अँटिबॉडी पॅनल. पॅनल रक्तातूनही करा, पण फक्त रक्तावर विसंबू नका. एनएमडीएच्या अँटिबॉडी काही वेळा पाण्यातच सापडतात. सोबत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, कारण बाहेरून न दिसणाऱ्या फिट चालू असल्या तरी माणूस असाच वागतो. पीसीआर पुन्हा पॉझिटिव्ह आला तर विषाणू परतलाय, असायक्लोव्हिर पुन्हा शिरेतून. पीसीआर निगेटिव्ह आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर उपचार वेगळे: मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम तीन ते पाच दिवस, इम्युनोग्लोब्युलिन प्रतिकिलो ०.४ ग्रॅम पाच दिवस किंवा प्लाझ्मा बदलणं, आणि पुढे गरज पडली तर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर काय सुरू करायचं हे न्यूरॉलॉजिस्ट पाण्यातल्या पेशी आणि पीसीआर पाहून ठरवतात.

त्याआधी साध्या गोष्टीही बघून घ्या. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे का आणि त्याचा डोस अलीकडे वाढवला का? या गोळीने काही लोकांत चिडकेपणा उसळतो, आणि गोळी बदलल्यावर उतरतो. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका. सोडियम किती आहे, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, पोट साफ होतं का? ज्याला दुखणं सांगता येत नाही तो चिडूनच सांगतो.

आता फिल्मबद्दल. पहिल्या रात्रीचा सीटी नॉर्मल आला म्हणून कुणाला दोष देऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत सुजलेल्या भागात पाणी इतकं थोडं वाढलेलं असतं की सीटीला तो फरक कळत नाही. त्यात टेम्पोरल लोब जाड हाडाच्या खोबणीत बसलेला, आणि त्या हाडामुळे चित्रावर पट्टे येतात. त्या वेळी सीटी करतात तो रक्तस्राव किंवा मोठी गाठ नाही ना, आणि पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित आहे ना, हे पाहायला. चूक होते ती नॉर्मल सीटी बघून ‘मेंदूज्वर नाही’ म्हणण्यात. ताप, वागण्यातला बदल आणि फिट हे तिन्ही एकत्र असतील तर असायक्लोव्हिर संशयावरच सुरू करायचं असतं. दाखल झाल्यापासून दोन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर निकाल स्पष्टपणे वाईट येतात. पीसीआरसुद्धा पहिल्या ७२ तासांत क्वचित निगेटिव्ह येऊ शकतो. चित्र हर्पिसचंच असेल तर तीन ते सात दिवसांनी पाणी पुन्हा पाठवावं लागतं.

एमआरआयमध्ये पहिल्यांदा बोलतं ते डिफ्युजन. पेशी सुजल्या की त्यांच्यातलं पाणी अडकून पडतं; अडकलेलं पाणी डिफ्युजनवर पांढरं आणि सोबतच्या एडीसी नकाशावर काळं दिसतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवूनच वाचायची, कारण नुसतं पांढरं इतर कारणांनीही दिसतं. दुसरं चित्र फ्लेअर. त्यात मेंदूभोवतीचं पाणी काळं करून टाकतात, म्हणून सूज उठून दिसते. हर्पिसची आवडती ठिकाणं ठरलेली आहेत: टेम्पोरल लोबची आतली बाजू, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि भावनांशी जोडलेला अमिग्डाला, मग इन्सुला (बाजूच्या खोल घडीत लपलेला भाग), डोळ्यांच्या वरचा फ्रंटल भाग आणि सिंग्युलेट (मेंदूच्या दोन अर्धांमधल्या आतल्या बाजूची वळी). बहुतेकदा दोन्ही बाजू सापडतात, पण सारख्या नाहीत. एक भिजून गेलेली, दुसरी नुसती ओलसर.

यातली एक खूण डोळ्यांत साठवण्यासारखी आहे. इन्सुला पूर्ण पांढरी होते आणि तिच्या आतल्या बाजूचं प्युटामेन हे खोलातलं केंद्र मात्र जसंच्या तसं राहतं. मधली कड शेताला बांध घातल्यासारखी स्वच्छ दिसते. मेंदूच्या मधल्या रक्तवाहिनीचा पक्षाघात (स्ट्रोक) असेल तर तो बांध ओलांडून आत घुसतो. अचानक बोलणं गेलेल्या, ताप असलेल्या माणसात ‘स्ट्रोक की मेंदूज्वर’ हा पेच या एका कडेवर पुष्कळदा सुटतो.

फसवणाऱ्या जागाही आहेत. कानाच्या हाडातल्या हवेमुळे टेम्पोरल लोबच्या तळाशी डिफ्युजनवर खोटा पांढरा पट्टा येतो, म्हणून समोरून कापलेल्या छेदांत, म्हणजे कोरोनल फ्लेअरवर, खात्री करायची. भूल देऊन भरपूर ऑक्सिजन चालू असेल तर फ्लेअरवर मेंदूच्या वळ्यांमधलं पाणी पांढरं दिसतं आणि कुणीतरी ‘मेनिंजायटिस’ लिहून मोकळं होतं. लांबलेल्या फिटनंतर हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस या मेंदूच्या मध्यावरच्या केंद्राचा मागचा भाग पांढरा दिसतो. तो काही आठवड्यांत उतरतो, विषाणूने खाल्लेला भाग उतरत नाही. तान्ह्या बाळांत मेंदूत मुळातच पाणी जास्त असतं, फ्लेअर तिथे कुचकामी. डिफ्युजनच बघायचं, आणि बदल टेम्पोरलबाहेर कुठेही असू शकतो.

तुमच्या दुसऱ्या रिपोर्टकडे येऊ. ‘डिफ्युजन रिस्ट्रिक्शन नाही’ ही अपेक्षित गोष्ट आहे. एडीसीवरचा काळेपणा एक-दोन आठवड्यांत निवळतो, त्यामुळे अडीच महिन्यांनी तो नसणं म्हणजे ताजा घाव नाही. ‘एन्सेफलोमलेशिया’ म्हणजे पेशी मेल्या, ती जागा विरघळली आणि तिथे पाणी भरलं. ‘ग्लायोसिस’ म्हणजे त्याभोवतीचा व्रण. तो फ्लेअरवर आयुष्यभर पांढरा राहतो. पुढे कधी ‘टेम्पोरल हॉर्न मोठं झालंय’ असं वाचाल. मेंदू आकसला की शेजारची पाण्याची पोकळी रिकामी जागा भरते, इतकंच. ते हायड्रोसेफॅलस, म्हणजे पाणी तुंबणं, नाही आणि त्याला शंट, म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी, लागत नाही. एसडब्ल्यूआय या चित्रावर काळे ठिपके दिसले तर तो आजाराच्या वेळच्या सूक्ष्म रक्तस्रावाचा गंज आहे, वर्षानुवर्षं दिसत राहतो. पण एक ओळ शोधा: कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करायला शिरेतून देतात ते औषध) दिला होता का, आणि नव्याने कुठे चमक आली आहे का? जुन्या घावाच्या कडेला काही आठवडे चमक राहू शकते. अडीच महिन्यांनी नवी चमक आणि सोबत नवी लक्षणं असतील तर वर लिहिलेल्या ऑटोइम्यून आजाराचा संशय बळावतो. चमक नसली तरी तो संशय फिटत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दर तीन महिन्यांनी एमआरआय करून काही साधत नाही. पुन्हा करायचा तो प्रकृती मागे गेली, नवी फिट आली, डोकेदुखी-उलट्या सुरू झाल्या, किंवा औषधांनी न आवरणाऱ्या फिटसाठी शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा. करताना शक्यतो त्याच मशीनवर, आणि जुनी सीडी सोबत द्या. छापलेल्या फिल्मवरून तुलना करणं म्हणजे झेरॉक्सवरून सही ओळखणं. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघा. हे खास तुमच्यासाठी, कारण असायक्लोव्हिरचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात. म्हणूनच ते प्रतिकिलो १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या वडिलांना दर आठ तासांनी ६०० मिलिग्रॅम, निदान १०० मिलिलिटर सलाइनमध्ये, पूर्ण एक तास लावून आणि भरपूर पाणी देत द्यायचं असतं. पंधरा मिनिटांत ढकललं तर मूत्रपिंडाला दुखापत होते.

‘पुन्हा औषध द्यावं का’ याचं उत्तर यातूनच निघतं. पीसीआर निगेटिव्ह असेल तर असायक्लोव्हिरचा उपयोग नाही. तोंडाने घेतलेली त्याची गोळी तर जेमतेम १५ ते २० टक्के रक्तात पोहोचते. इंजेक्शनांनंतर ९० दिवस व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या देऊनही पाहिलं गेलंय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत स्मरणशक्तीत किंवा कामाच्या क्षमतेत फरक पडला नाही. आणखी एक: हा विषाणू नागिणीचा नाही. नागीण वेगळ्या विषाणूने उठते. हा ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड आणणाऱ्यांपैकी आहे, आणि वडिलांजवळ बसल्याने कुणाला मेंदूज्वर होत नाही. घरात वेगळं ताट-वाटी ठेवली असेल तर आजच बंद करा.

कितपत सुधारतील? असायक्लोव्हिर येण्याआधी या आजारात उपचाराविना दहातले सात जण दगावत. १९८६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आधीच्या औषधावर ५४ टक्के आणि असायक्लोव्हिरवर २८ टक्के मृत्यू झाले; असायक्लोव्हिर घेतलेल्यांपैकी ३८ टक्के लोक सहा महिन्यांनी पूर्ण बरे किंवा किरकोळ उणीव असलेले होते. निदान लवकर होऊ लागल्यापासून चित्र आणखी सुधारलंय. एकट्या माणसाबद्दल मात्र टक्केवारी फार सांगत नाही. एमआरआयमध्ये मी पहिल्यांदा बघतो ते उजवा हिप्पोकॅम्पस शाबूत आहे का. एक बाजू वाचली असेल तर नवी आठवण साठवायला जागा आहे. दोन्ही गेल्या असतील तर ब्रिटिश संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांच्यासारखं होतं. १९८५ साली याच आजाराने त्यांची नवी आठवण काही सेकंदांपलीकडे टिकेनाशी झाली. तरी ते पियानो वाजवू शकत आणि गायकवृंदाचं संचालन करू शकत. हातांची आठवण मेंदूत दुसरीकडे राहते.

ही गोष्ट तुमच्या दुकानात कामाला येईल. वडिलांना काल कोण आलं होतं ते आठवणार नाही, पण कागदाची पुडी बांधणं, तराजूचा काटा बघणं, सुट्टे पैसे हातात मोजणं बहुधा टिकलेलं असेल. तिथून सुरुवात करा. रोज सकाळी एक तास दुकानात, एक ठरलेलं काम, शेजारी कुणीतरी. उधारीची वही, फोनवरचे पैसे आणि घाऊक व्यापाऱ्याशी बोलणी मात्र सध्या दुसऱ्याच्या हाती. फ्रंटल भागाला झळ लागली असेल तर समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचा लगाम सैल होतो.

डाव्या टेम्पोरलच्या घावात एक विचित्र प्रकार होतो, त्याने घरचे घाबरतात. हातात कुकर, सांडशी, पाना दिला तर नाव बरोबर सांगतात. वांगं, दोडका, मांजर बघून गोंधळतात. सजीव आणि निर्जीव वस्तूंची ओळख मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी होते, आणि हर्पिस बहुधा सजीवांची वाट तोडतो. हे वेड नाही. स्पीच थेरपिस्टला असं नेमकं सांगा: ‘भाज्या ओळखत नाहीत, भांडी ओळखतात.’ त्यावरून सराव ठरतो.

परीक्षा घेणं थांबवा. ‘सांगा बरं, मी कोण? काल काय जेवलात?’ असं दर पाहुणा विचारतो. चुकीचं उत्तर तोंडातून गेलं की अशा मेंदूत चूकच पक्की होते, कारण चूक झाली होती हे आठवत नाही, बोललेला शब्द मात्र मुरतो. उत्तर आधी द्या, मग म्हणवून घ्या: ‘गोळ्या निळ्या डबीत आहेत. कुठे आहेत गोळ्या?’ तीस सेकंदांनी पुन्हा, मग एक मिनिटाने, दोन, चार, आठ. चुकलं तर उत्तर सांगून मागच्या अंतरावर या. एका वेळी एकच गोष्ट, आठवडाभर. न घडलेलं सांगितलं, उदाहरणार्थ ‘आत्ताच बाजारात जाऊन आलो’, तर ते खोटं बोलत नाहीत. रिकामी जागा मेंदू स्वतःच भरतो. वाद घालू नका, फळ्याकडे बोट दाखवा. भिंतीवर एकच पांढरा फळा, त्यावर वार, तारीख, आजची तीन कामं आणि कोण कुठे गेलंय ते. चार ठिकाणी चार चिठ्ठ्या लावल्या तर एकही वाचली जात नाही.

थकवा हा या आजाराचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सकाळी दहाला बरे वाटणारे वडील दुपारी चारला वेगळेच असतात. व्यायाम, थेरपी, पाहुणे सकाळी. जेवणानंतर तासभर अंधाऱ्या खोलीत विश्रांती.

फिटचा धोका वर्षानुवर्षं राहतो. आजाराच्या काळातच फिट आलेल्यांत पुढच्या वीस वर्षांत अपस्मार होण्याची शक्यता सगळ्या विषाणूजन्य मेंदूज्वरांच्या एका मोठ्या जुन्या अभ्यासात २२ टक्के होती, न आलेल्यांत १० टक्के. टेम्पोरलची फिट नेहमी धडधडून पाडत नाही: पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, नजर थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हात सदऱ्याची कड चिवडत राहतो, आणि मिनिट-दोन मिनिटांनी माणूस भांबावलेला असतो. असं दिसलं तर मोबाइलवर चित्रण करा. मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका; पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिला असल्यास मिडॅझोलॅमचा नाकातला स्प्रे आणि थेट रुग्णालय. गाडी, विहीर, शिडी आणि एकट्याने गॅस पेटवणं न्यूरॉलॉजिस्ट परवानगी देईपर्यंत नाही.

सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, आणि पुढे दीड-दोन वर्षं हळूहळू चालू राहते. सविस्तर स्मृती आणि भाषेची चाचणी आता एकदा आणि वर्षाने एकदा करून घ्या, आणि ती मराठीतच. मराठीत विचार करणाऱ्या माणसाची इंग्रजी यादीवर परीक्षा घेतली तर आकडा मेंदूचा नसतो, भाषेचा असतो.

हे सगळं हर्पिसबद्दल आहे; ‘मेंदूज्वर’ शब्द एक असला तरी प्रत्येक विषाणूची वाट निराळी. विदर्भात दिसणारा जपानी मेंदूज्वर दोन्ही थॅलॅमस आणि हालचाली आवरणारं सब्स्टॅन्शिया नायग्रा धरतो, म्हणून त्यातून उठलेल्यांत स्मृतीपेक्षा कंप, ताठरपणा आणि पिळवटलेले हातपाय जास्त त्रास देतात. त्यावर असायक्लोव्हिर चालत नाही, लस आहे. १९६५ साली नागपुरात सापडलेला आणि तिथल्याच चांदीपुरा भागाचं नाव मिळालेला विषाणू मुलांना इतक्या वेगाने गाठतो की एमआरआयची वेळच अनेकदा येत नाही. शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव तुमच्या वडिलांना लावू नका.

या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना चार गोष्टी न्या: दोन्ही एमआरआयच्या सीडी, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या डोससकट, आणि गेल्या दहा दिवसांचं रोजचं एक पान. त्यात झोप किती तास, चिडणं किती वेळा आणि कशावरून, नजर थिजली का, आणि दोन आठवड्यांपूर्वी जमत होतं ते आता काय जमत नाही. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: ‘सुधारत होते, आता मागे जातायत.’